हिरड्याचं पाणी

चौतीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर होतो. परिचर म्हणजे परीक्षानळ्या धुणारा, असं लोक समजतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पण पाण्यात काय विरघळतं, काय तळाला बसतं आणि काय नुसताच गढूळपणा करून ठेवतं, हे सर लोक फळ्यावर लिहायच्या आधी माझ्या हातांना कळायचं. पोरं मला चिंतूकाका म्हणायची आणि टरकून असायची, कारण मी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन एकच विचारायचो, ब्लँक लावलास का?

ब्लँक म्हणजे अगदी साधी गोष्ट. ज्या पदार्थाची परीक्षा करायची, तो न घालता तीच परीक्षा एकदा करून बघायची. नुसत्या पाण्यालाच रंग आला, तर त्या रंगाचं श्रेय पदार्थाला देऊन उपयोग नाही. दोष पाण्याचा, नाहीतर नळीचा. पोरं कंटाळा करून हे टाळायची आणि मी त्यांच्या वह्या परत करायचो. हे मी स्वतःची टिमकी वाजवायला सांगत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मी स्वतः ते टाळलं, आणि जे गेलं ते भरून येण्यासारखं नाही.

हेमा माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. तिला चिपळूणला दिलेली. तिचे यजमान देवदत्तराव जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत कारकून होते. सरकारी नोंद निळ्या-काळ्या शाईनंच करायची, या शिस्तीत वाढलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही वाण्याची यादी शाईच्या पेनानं लिहायचे. पण काटकसर अशी, की दौत अर्ध्यावर आली की तीत पाणी घालून ती पुरवायची. मी त्यांना चिडवायचो, की देवदत्तराव, तुमच्या पेनात शाई कमी आणि वाशिष्ठीचं पाणी जास्त. ते हसायचे आणि आणखी फिकट लिहायचे.

एकवीस सालच्या मे महिन्यात त्यांना कोविड झाला. प्राणवायूचा आकडा खाली आला तसं त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं, आणि घरच्यांना आत सोडत नव्हते. खिशात पेन होतं आणि हेमानं पिशवीत एक शाळेची वही घातली होती, काही हवं-नको ते लिहून दाखवायला. पाच दिवस ते तिथे होते. सहाव्या दिवशी पहाटे गेले. नंतर त्यांचं सामान प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळालं. त्यात टॉवेल, पेन आणि ती वही.

हेमानं ती पिशवी उघडली नाही. आधी म्हणाली, चौदा दिवस जाऊ देत. मग म्हणाली, मासिक श्राद्ध होऊ दे. पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तशीच राहिली, आणि जुलैत वाशिष्ठी घरात शिरली.

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा फोन लागला. घरात छातीइतकं पाणी येऊन गेलेलं, आणि आता सगळीकडे घोट्याएवढा लाल चिखल. ती आणि तिचा मुलगा सलिल वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होते म्हणून वाचले. रस्ते बंद, मला इथून हलता येईना. मग मी माझं ज्ञान पाजळलं. कागदपत्रं चिखलासकट वाळू देऊ नका, चिखल दगडासारखा धरतो. एकेक वही स्वच्छ पाण्यात बुडवा, तीन पाण्यांतून काढा, सावलीत वाळवा. हेमानं विचारलं, "त्यांची वहीपण धुवू?" आणि मी म्हटलं, धू. शाई पाण्यात जाते की राहते, हे थेंबभर पाण्यानं आधी तपासून घे, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. सोपी परीक्षा आहे. कोपऱ्यातल्या एका अक्षरावर थेंब टाकायचा, टिपकागद दाबायचा, कागदावर निळं उतरलं की हात लावायचा नाही. हे मी शेकडो पोरांना दाखवलं असेल.

दहा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. वही वाळली होती. "दादा, पानं कोरी झाली," ती म्हणाली. एवढंच बोलली, मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

तिनं त्यातला एक शब्दही वाचलेला नव्हता. नवऱ्यानं शेवटच्या पाच दिवसांत तिला काय लिहिलं, हे तिला जन्मभर कळणार नव्हतं, आणि ते मी धुऊन घालवलं होतं. पुढचे चार महिने मला जेवण गोड लागलं नाही. सलिल समजूतदार मुलगा, तो पुण्याला परतल्यावर फोनवर म्हणायचा, मामा, आई विसरेल हळूहळू. पण ती विसरत नव्हती. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायची, काही करता येईल का रे?

मग एक दिवस मला आठवलं, की निळी-काळी शाई म्हणजे नुसता रंग नसतो. तिच्यात लोखंडाचा अंश असतो. आमच्या आजोबांच्या वेळी गावागावांत हिरडा आणि हिराकस उकळून शाई करायचे. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. निळा रंग पाण्याबरोबर वाहून जाईल, पण लोखंडाचा थोडा अंश कागदाच्या धाग्यांत अडकून राहू शकतो. डोळ्यांना दिसत नाही इतकाच. त्यावर हिरड्याचं पाणी फिरवलं, तर ते अक्षर पुन्हा काळं व्हायला हवं. मी हेमाला सांगितलं, वही आणि पेन घेऊन ये.

ती मार्गशीर्षात आली, सकाळच्या एस्टीनं. वाळली होती खूप. हातात कापडी पिशवी, ती तिनं गाडीत मांडीवरून खाली ठेवली नव्हती. आमच्या हिनं चहा दिला, तो तिनं तसाच निवू दिला.

वहीची पानं फुगून नागमोडी झालेली, कडा तांबूस. मी ती खिडकीशी तिरपी धरली. पहिल्या चार पानांवर निबेच्या खुणा जेमतेम दिसत होत्या, बाकीची वही कोरी. म्हणजे लिहिलेली पानं चार. पण कागद इतका फुगला होता, की खुणांवरून एक अक्षर लागेना.

आधी पेन घेतलं. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं मला शाल-श्रीफळ दिलं होतं आणि मी वर दोन तडा गेलेले बीकर मागून घेतले होते. त्यातल्या एकात निब बुडवून ठेवली. तासाभरात पाण्याला किंचित निळसर झाक आली. तोवर स्वयंपाकघरात हिरडा फोडून उकळायला ठेवला. ही म्हणाली, लोखंडाच्या कढईत नको हो, काळाकुट्ट होईल. मी म्हटलं, अगं, त्याच्याच तर आशेवर आहोत. मग तिनं स्टीलचं पातेलं दिलं. पिवळट पाणी गाळून गार केलं आणि त्याचे चार थेंब बीकरमध्ये टाकले. बघता बघता ती निळसर झाक काळी झाली. शाईत लोखंड होतं.

हेमा माझ्याकडे बघत होती. मला आनंद आवरेना.

पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे माणूस तारीख घालतो, तिथे मी ब्रशच्या टोकानं एक थेंब लावला. पंधरा-वीस सेकंदांत तिथे एक बारीक काळी रेघ उमटली आणि तिला वाक आला. चारचा आकडा होता. मी घाईघाईनं टिपकागद दाबून थेंब उचलला. चारचा आकडा स्वच्छ राहिला. मी हेमाला दाखवला. तिनं बोट लावलं नाही, नुसता बघितला, आणि म्हणाली, "त्यांचाच. खाली गाठ मारायचे."

यापुढे काय करायचं हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वहीच्या मागच्या, कधीच न लिहिलेल्या पानावर तोच थेंब टाकायचा, टिपायचा नाही, पाच मिनिटं थांबायचं. ब्लँक. मी ते केलं नाही. मला वाटलं, चार महिने ही बाई वाट बघतेय, आता आणखी पाच मिनिटं कशाला. खरं सांगायचं तर वाट मीच बघत होतो, माझी चूक धुऊन निघायची. हेमाला म्हटलं, तू जरा पडवीत बस, पूर्ण पान झालं की हाक मारतो. 

मग मी रुंद ब्रश हिरड्याच्या पाण्यात बुडवून सगळ्या पानावर वरून खाली फिरवला.

अक्षरं आली. आधी तारीख, मग एकेक ओळ. मी खाली वाकून वाचू लागलो. अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळी सोडून गेलेलं. तीन ओळी वाचल्या असतील नसतील, तोच पानाच्या कडा करड्या दिसू लागल्या. मग मधली जागा करडी झाली. करड्याचं काळं झालं आणि अक्षरं त्यात दिसेनाशी झाली. मी टिपकागद दाबला, काही उपयोग झाला नाही. अर्ध्या मिनिटाच्या वर अक्षरं टिकली नसतील. समोर एक काळं पान होतं, ओलं.

मग मी मागच्या कोऱ्या पानावर थेंब टाकला आणि थांबलो. मिनिटभरात तिथेही काळा डाग उमटला. कोकणातली माती लाल असते ती लोखंडानंच. पुराचा चिखल तीन पाण्यांनी धुतला तरी त्याचा कण न् कण कागदात मुरून बसला होता. शाईतलं लोखंड मोकळं, ते आधी काळं होतं. मातीतलं कणांत धरलेलं, त्याला थोडा वेळ लागतो. फरक एवढाच. चारच्या आकड्यावरचा थेंब मी लगेच टिपला म्हणून तो स्वच्छ राहिला, सबंध पानात मुरलेलं पाणी तसं उचलता येत नाही. लिंबू लावून काळं घालवता आलं असतं, पण त्याबरोबर शाईचा राहिलेला अंशही गेला असता. मी त्या खुर्चीत बसून स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की तेवढ्या कुठल्याही पोराला कधी घातल्या नव्हत्या.

हेमाला हाक मारायच्या आधी ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली. तिनं पान बघितलं. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. की मी घाई केली, की जे आधी करायचं ते नंतर केलं, की पुरात वही धुवायला सांगितली तिथून आजपर्यंत दोन वेळा तिच्या नवऱ्याचं अक्षर माझ्या हातून गेलं.  साठी उलटलेल्या माणसानं असं रडू नये, पण रडू आलं.

ती खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"तुझ्या हातून नाही गेलं," ती म्हणाली. "तू सांगितलंस तीन पाण्यांतून काढ. मी दोन दिवस बादलीत बुडवून ठेवली."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. चिखलातून पिशवी काढली, तेव्हा वही भिजली होती, पण शाई पुरती गेलेली नव्हती. पहिल्या पानावर चिखलाखाली तिला स्वतःचं नाव दिसलं होतं. बोटानं चिखल सारला असता तर पुढचं वाचता आलं असतं. तिचं धाडस झालं नाही. देवदत्तरावांना रुग्णालयात जायचं नव्हतं. रुग्णवाहिका दारात आली, तेव्हा ते चौकट धरून उभे राहिले होते, आणि तो हात हेमानं सोडवला होता. एकेक बोट. पंधरा मिनिटांत परत आणते म्हणाली होती, खोटं. त्यांनी वहीत त्यावरूनच काहीतरी लिहिलं असणार असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून तिनं वही बादलीत टाकली आणि दोन दिवस तिकडे फिरकली नाही. मग पानं कोरी झाली तेव्हा तिला कळलं, की आपण काय केलं.

"चार महिने तू स्वतःला खात होतास, मी बघत होते," ती म्हणाली. "मला बोलवेना रे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्याबद्दल फक्त वाईट वाटलं.

मग तिनं विचारलं, काही वाचलंस का तू? आणि मी अडकलो. प्रयोगवहीत जे दिसलं तेच लिहायचं, हवं ते लिहायचं नाही, असं मी आयुष्यभर पोरांना बजावलं होतं. तरी क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. काहीतरी गोड सांगावं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते जमलं नाही.

"तारीख होती," मी म्हटलं. "मग, 'हेमा, मला घरी ने. इथे नको.' एवढं वाचलं. पुढच्या ओळीत 'तू' असं होतं, आणि पान काळं झालं."

"तू काय?"

"नाही दिसलं गो."

मग म्हणाली, "अक्षर कसं होतं?"

वाकडं होतं म्हणून सांगितलं, ओळीवर नव्हतं. तेव्हा तिचे डोळे भरले. त्यांचा चष्मा घरीच राहिला होता. दुसऱ्या दिवशी तिनं कुणाबरोबर तरी तो पाठवला होता, पोचला की नाही ते कळलं नव्हतं. चष्म्याशिवाय त्यांना वहीच्या रेघा दिसत नसत. माझी बहीण नवरा गेल्यापासून माझ्यासमोर प्रथमच रडली, आणि ते त्या चष्म्यावरून. ही आतून येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. मी त्यांना तिथे सोडून बाहेर गेलो आणि उगाच माडाच्या आळ्यात पाणी घालून आलो.

परत आलो तेव्हा हेमानं तोंड धुतलं होतं. वही तिच्यासमोर होती.

"बाकीची तीन पानं अशीच होणार?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, अशीच. अर्धं मिनिट दिसतील, मग काळी. नाहीतर आहेत तशी कोरी ठेव. पुढेमागे कुणी जाणकार भेटला तर बघू. मुंबईत अशी कामं करणारी माणसं असतात. किंवा असं करू, मी ब्रश फिरवतो आणि ही मोबाइलवर फोटो काढेल, म्हणजे जे दिसेल ते राहील. हे मला आधी का सुचलं नाही, याचाही मला संताप आला.

तिनं विचार केला. घाई नव्हती तिला. "फोटो नको," ती म्हणाली. "फोटो काढला की सलिल बघणार, सून बघणार. ते मला लिहिलंय. आणि जाणकाराकडे दिलं, तर तो आधी वाचणार. एकदा बादलीत घातलं मी, आता पुन्हा नाही टाळत. तू पाणी लाव, मी वाचते."

मी म्हटलं, हेमा, जे असेल ते असेल बरं का. ती म्हणाली, ठाऊक आहे.

तिनं चष्मा पुसून घातला. टेबल आम्ही खिडकीशी ओढून घेतलं, उजेड चांगला होता. ही स्वयंपाकघरात निघून गेली. मी ब्रश बुडवला, पाणी निथळू दिलं. 

"लावलंस की तिकडे तोंड कर," हेमा म्हणाली.

मी दुसऱ्या पानावर ब्रश वरून खाली फिरवला आणि पाठ वळवून भिंतीकडे बघत उभा राहिलो. भिंतीवर कालनिर्णय होतं, मी त्यातली तिथी वाचत राहिलो. मागे तिचा श्वास ऐकू येत होता. अक्षरं एव्हाना उमटली असणार, मी मनात सेकंद मोजत होतो. वीस. पंचवीस. पान करडं व्हायला लागलं असणार.

"नाही हो," ती म्हणाली. अगदी हळू, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. "मी कशाला रागावेन तुमच्यावर?"

मी वळलो नाही.  इतके महिने ती त्यांच्या रागाला घाबरत होती. तिथे पडल्या पडल्या ते तिच्या रागाला घाबरले होते.

खुर्ची थोडी सरकल्याचा आवाज झाला, मग पान उलटल्याचा.

"दादा," ती म्हणाली, "पुढचं लाव."